वय ७६, मेंदूत न फुटलेला ॲन्युरिझम : कॉइलिंग करावे की थांबावे?

पारिजात

नमस्कार.

माझ्या आईचे वय ७६ वर्षे आहे. दीड महिन्यापूर्वी सकाळी उठताना तिला गरगरले आणि तोल गेला, म्हणून मेंदूचा एमआरआय करण्यात आला. चक्करेचे मूळ कानाच्या आतल्या भागात निघाले आणि तो त्रास आठवडाभरात थांबलाही. परंतु त्याच एमआरआयमध्ये मेंदूच्या एका धमनीला फुगवटा आल्याचे दिसले. पुढे सीटी अँजिओग्राफी झाली. तिच्या अहवालानुसार डाव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीवर (मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी), पोस्टीरियर कम्युनिकेटिंग धमनी जेथून निघते त्या जागी, ७.५ मिलिमीटरचा ॲन्युरिझम, म्हणजे हाच फुगवटा, आहे. त्याची मान, म्हणजे धमनीला जोडलेले तोंड, ३ मिलिमीटर आहे, त्याच्यावर दुसरा लहान फुगवटा नाही आणि रक्तस्राव झाल्याची कोणतीही खूण नाही.

आईला वीस वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, तो गोळ्यांनी आटोक्यात असतो. मधुमेह नाही, धूम्रपान कधीच नाही, घराण्यात कोणाला असा आजार झाल्याचे ऐकिवात नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) १.४ आहे. ती स्वतःची सर्व कामे स्वतः करते, रोज चालायला जाते आणि तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

आम्ही दोन तज्ज्ञांना भेटलो. एकांनी सांगितले की जागा फुटण्याच्या दृष्टीने वाईट आहे, कॉइलिंग (रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुगवटा आतून बारीक तारांनी भरणे) करून मोकळे व्हावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की या वयात रक्तवाहिनीतून केलेले उपचारही निर्धोक नसतात, तेव्हा रक्तदाब सांभाळावा आणि ठरावीक काळाने तपासणी करावी. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही पुरेसा वेळ दिला, त्यामुळे कोणाचे ऐकावे हा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे. भाऊ म्हणतो की फुटण्याची वाट कशाला पाहायची. मला भीती अशी वाटते की आज धडधाकट असलेल्या आईला आपण स्वतःच्या हाताने नेऊन आजारी करू.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वय जास्त असल्यामुळे नेमका कशाचा धोका वाढतो, आजाराचा की उपचाराचा? आणि थांबण्याचा निर्णय घेतला तर तो हलगर्जीपणा ठरतो का? ज्यांना या विषयाची माहिती आहे किंवा ज्यांच्या घरात हा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

धन्वी

पारिजात, मी मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कॅथेटरद्वारे (बारीक लवचिक नळीने) उपचार करण्याच्या शाखेत बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. तुमच्या आईंची चित्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे काय करावे हे सांगणार नाही. निर्णय कोणत्या गोष्टींवर फिरतो ते मात्र सांगू शकेन.

पहिली गोष्ट, फुटलेला ॲन्युरिझम आणि न फुटलेला ॲन्युरिझम यांचा विचार पूर्णपणे वेगळा करावा लागतो. फुटलेला पुन्हा फुटण्याची शक्यता पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वाधिक असते आणि दुसरा रक्तस्राव बहुधा जीवघेणा ठरतो. तेथे रुग्ण ८० वर्षांचा असला तरी त्याची प्रकृती तग धरण्यासारखी असेल तर लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत, फुगा बंद करण्याकडे कल असतो. न फुटलेल्याची गोष्ट निराळी आहे. साधारण ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यांतील बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. म्हणजे येथे आपण आज निरोगी असलेल्या माणसावर भविष्यातील संभाव्य संकट टाळण्यासाठी उपचार करत असतो आणि अशा उपचाराला लावायची कसोटी फार कडक असली पाहिजे.

आता आकडे. २०१४ साली सहा मोठ्या पाहणी-अभ्यासांतील ८ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून फेझेस नावाची गुणपद्धती तयार झाली. तीत लोकसमूह, रक्तदाब, वय, आकार, पूर्वी दुसरा ॲन्युरिझम फुटला होता का आणि जागा या सहा गोष्टींना गुण दिले जातात. तुमच्या आईंना रक्तदाबाचा १, सत्तरी ओलांडल्याचा १, ७ ते १० मिलिमीटरमधील आकाराचे ३ आणि पोस्टीरियर कम्युनिकेटिंग या जागेचे ४, असे ९ गुण मिळतात. ९ गुणांना पाच वर्षांत फुटण्याची अंदाजी शक्यता ४.३ टक्के आहे. हेच माप ६ मिलिमीटरचे असते तर गुण ६ झाले असते आणि शक्यता १.७ टक्क्यांवर आली असती. दीड मिलिमीटरच्या फरकाने आकडा अडीच पट होतो. यावरून हे आकडे किती ठोकळ आहेत तेही लक्षात यावे, कारण दोन तज्ज्ञांनी एकच फुगा मोजला तरी अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शिवाय मूळ अभ्यास उत्तर अमेरिका, युरोप आणि जपान येथील लोकांवर झालेले आहेत. इतरांना ते अंदाजानेच लावावे लागतात.

उपचाराच्या बाजूला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा एकत्रित आढावा आहे. न फुटलेल्या ॲन्युरिझमवर रक्तवाहिनीतून उपचार केलेल्या रुग्णांत त्रासदायक गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आढळले. कवटी उघडून क्लिप लावण्यात गुंतागुंत ८ टक्क्यांच्या थोडी वर होती. हे सर्व वयांचे मिळून आहे. वय वाढते तसा धोका वाढतो.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकीकडे पाच वर्षांवर पसरलेला साधारण ४ टक्क्यांचा धोका, दुसरीकडे एकाच दिवशी स्वीकारायचा ५ टक्क्यांचा किंवा थोडा अधिक धोका. तुमच्या दोन तज्ज्ञांचे मतभेद याच जागी आहेत आणि दोघेही चुकलेले नाहीत. मात्र तुलनेत दोन गोष्टी राहून जाऊ नयेत. एक, उपचारातील सगळीच गुंतागुंत कायमची नसते, उलट फुटलेल्या ॲन्युरिझमच्या रुग्णांतील सुमारे एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना परावलंबित्व येते. वृद्धांत हे चित्र अधिकच वाईट असते. दुसरी, फुटण्याचा धोका पाच वर्षांनी थांबत नाही. ७६ वर्षांची, हिंडती-फिरती, मधुमेह आणि हृदयविकार नसलेली स्त्री आणखी दहा वर्षे जगेल असे धरणे अवाजवी नाही. म्हणून जन्मतारखेकडे पाहून निर्णय घेऊ नये, पुढे किती आयुष्य शिल्लक आहे याचा अंदाज महत्त्वाचा. ६८ वर्षांच्या, हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाला मी थांबण्याचा सल्ला दिला आहे आणि ८० वर्षांच्या खणखणीत बाईंना उपचार करून घ्या असे सांगितले आहे.

वयामुळे नेमके काय बदलते, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. उपचार करताना जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर महाधमनीच्या कमानीपर्यंत, तेथून मानेतील कॅरोटिडमध्ये आणि पुढे मेंदूत नेतात. तरुणात हा रस्ता बऱ्यापैकी सरळ असतो. वयाबरोबर, विशेषतः दीर्घकाळ रक्तदाब असलेल्यांत, महाधमनीची कमान लांबते आणि खाली ओढली जाते, मानेतील धमन्या वळणे घेतात, आतल्या भिंतीवर चुन्याचे आणि चरबीचे थर साचतात. वळणांमुळे कॅथेटरचा आधार सुटतो, काम लांबते, कॉन्ट्रास्ट (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव्य, जे मूत्रपिंडावर भार टाकते) जास्त लागतो आणि घासल्यामुळे थराचा कण सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. अनुभवी माणूस म्हणूनच फुग्याच्या आधी कमानीचे चित्र पाहतो. वृद्धांतील कॉइलिंगची अडचण पुष्कळदा मेंदूत नसते, ती छातीत आणि मानेत असते.

मूत्रपिंडाचेही तसेच. १.४ हे क्रिएटिनिन वरवर किरकोळ दिसते, पण ७६ वर्षांच्या स्त्रीत त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ४० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे बरीच कमी, आहे असा होतो. त्यामुळे उपचार अशक्य होत नाही. आधी शरीरात पुरेसे पाणी ठेवणे, कॉन्ट्रास्ट जपून वापरणे आणि नंतर दोन-तीन दिवस क्रिएटिनिन पाहणे इतके मात्र आवश्यक ठरते.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. फुगा ७.५ आणि मान ३ मिलिमीटर, म्हणजे मान अरुंद आहे. अशा फुग्यात प्लॅटिनमच्या कॉइल सहसा स्टेंटचा आधार न घेता बसतात. मान रुंद असती तर स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) किंवा फ्लो डायव्हर्टर (रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारी दाट जाळी) लागला असता आणि मग कित्येक महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घ्याव्या लागल्या असत्या. पडण्याची शक्यता असलेल्या वयात ते ओझे लहान नसते.

भेटायला जाल तेव्हा एवढे अवश्य विचारा : आईंची कमान आणि मानेतील धमन्या कशा आहेत, स्टेंटशिवाय काम होईल का, आणि पंचाहत्तरी उलटलेल्या किती रुग्णांवर त्यांनी स्वतः हा उपचार केला आहे व त्यांचे पुढे काय झाले. शेवटचा प्रश्न विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

वाटसरू

माझ्या वडिलांचा ॲन्युरिझम ७९व्या वर्षी फुटला, तोही नेमक्या याच जागेवरचा होता. तो आहे हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत असताना त्यांनी अचानक दोन्ही हातांनी डोके धरले, ‘डोक्यात काहीतरी फुटले’ असे म्हणाले आणि उलटी झाली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते गुंगीत होते, पण नाव सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉइलिंग झाले.

आमची अशी समजूत होती की कॉइल बसली म्हणजे संकट टळले. प्रत्यक्षात ती सुरुवात होती. फुगा बंद झाल्यामुळे पुन्हा फुटण्याची भीती जवळजवळ संपली, परंतु जे रक्त मेंदूभोवती सांडले होते ते आपले काम करतच राहिले. चौथ्या दिवसानंतर धमन्या आकसण्याचा काळ सुरू होतो असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि सातव्या दिवशी त्यांचा उजवा हात जड पडला. धमन्या आकसण्याच्या परिणामांवर दिली जाणारी निमोडिपीनची गोळी दर चार तासांनी, एकवीस दिवस द्यायची होती. तिने त्यांचा रक्तदाब खाली यायचा, म्हणून मात्रा निम्मी करून दर दोन तासांनी देत असत. रात्री ते कोणालाच ओळखत नसत, नळ्या ओढत, मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत. हा भ्रम वृद्धांना अतिदक्षता विभागात फार वेळा होतो हे आधी कोणी सांगितले असते तर आम्ही इतके खचलो नसतो. तीन आठवड्यांनी मेंदूतील पाणी साचू लागले आणि पोटात नळी सोडणारा शंट बसवावा लागला.

ते आज ८३ वर्षांचे आहेत. काठी घेऊन चालतात, जेवतात, बोलतात, पण हिशेब पूर्वीसारखा करता येत नाही आणि लवकर थकतात. कॉइलिंगमुळे ते वाचले याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु पारिजात, आमच्या अनुभवाचा उपयोग करून तुमच्या भावाने ‘बघ, म्हणून आधीच करून टाकू’ असे म्हणू नये, अशी माझी विनंती आहे. आम्हाला निवड नव्हती. ज्यांचा फुटला तेच अशा ठिकाणी लिहितात. ज्यांचा कधी फुटलाच नाही त्यांच्याकडे सांगायला काही नसते, आणि संख्येने तेच पुष्कळ अधिक आहेत.

धन्वी

वाटसरू, आपण मनापासून लिहिलेत, आभारी आहे. शेवटचा परिच्छेद प्रत्येक कुटुंबाने वाचावा असा आहे.

फुटलेल्या ॲन्युरिझमबद्दल एक आधार येथे नोंदवतो. आयसॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत २१४३ रुग्णांत कॉइलिंग आणि क्लिपिंग यांची तुलना झाली आणि २००२ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइलिंगच्या गटात २३.७ टक्के, तर क्लिपिंगच्या गटात ३०.६ टक्के होते. त्यातील ६५ वर्षे व त्यावरील २७८ रुग्णांचा वेगळा अभ्यास २००८ मध्ये आला. एकूण वृद्धांत दोन्ही उपचारांचा फरक तसा थोडाच होता, वर्षाने स्वावलंबी असलेले लोक कॉइलिंगनंतर ६० आणि क्लिपिंगनंतर ५६ टक्के होते. मात्र जागेनुसार पाहिले तेव्हा अंतर्गत कॅरोटिड आणि पोस्टीरियर कम्युनिकेटिंग येथील ॲन्युरिझममध्ये कॉइलिंगनंतर ७२ टक्के स्वावलंबी राहिले, क्लिपिंगनंतर ५२ टक्के. मिडल सेरेब्रल धमनीवर हे उलटे होते, तेथे क्लिपिंग सरस ठरले. म्हणून ‘म्हाताऱ्या माणसाला कॉइलच बरी’ हे विधान सरसकट करता येत नाही. नंतरच्या काळात अपस्माराचे झटके (फिट) येण्याचे प्रमाण मात्र वृद्धांत कॉइलिंगनंतर फारच कमी होते, ०.७ टक्के, क्लिपिंगनंतर १२.९ टक्के.

कृष्णकमळ

आम्ही थांबण्याचा मार्ग घेतला आहे. सासूबाईंचे वय ८१, फुगा ४ मिलिमीटर, मिडल सेरेब्रल धमनीवर. सापडला तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी एमआर अँजिओग्राफी (एमआरआयने धमन्यांची चित्रे) केली. आकारात बदल नाही.

हलगर्जीपणाचा मुद्दा आपण काढलात म्हणून लिहिते. थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हे आम्हाला हळूहळू उमगले. रक्तदाब रोज मोजून वहीत लिहितो. बद्धकोष्ठ होऊ देत नाही. घरातील गालिचे काढले, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, कारण पडून डोक्याला मार लागण्याची शक्यता या वयात कोणत्याही फुग्यापेक्षा मोठी आहे. त्यांची ॲस्पिरिन मात्र मी स्वतःच्या मनाने बंद केली, कारण रक्त पातळ असेल तर फुगा फुटल्यावर रक्तस्राव जास्त होईल असे वाटले.

अवघड बाजूही सांगते. पहिले वर्षभर त्या खाली वाकायला घाबरत, मोठ्याने हसायला घाबरत. साधे डोके दुखले तरी घरात शांतता पसरे. त्यांचा स्वभाव मुळात निर्भय आहे, तरी ‘डोक्यात बॉम्ब आहे’ असे शेजारच्या कोणीतरी म्हटले आणि ते शब्द त्यांच्या मनातून जाईनात. शेवटी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, आम्हाला बाजूला ठेवून, शंभर बायकांचे उदाहरण दिले. तुमच्यासारखा फुगा असलेल्या शंभर जणी घेतल्या तर पाच वर्षांनी नव्व्याण्णव जणींचा फुगा जसाच्या तसा न फुटलेला असेल, असे ते म्हणाले. त्यानंतर फरक पडला.

यंदा आम्ही तपासणी थांबवली. वाढ दिसली तरी सासूबाई उपचार घेणार नाहीत हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. उत्तर काहीही आले तरी करणार काहीच नसू, तर तो प्रश्न दर वर्षी यंत्राला कशासाठी विचारायचा, असे त्यांचे म्हणणे, आणि ते आम्हाला पटले.

संथवाहिनी

मी भूलतज्ज्ञ आहे. कॉइलिंगमध्ये चिरा नसतो, म्हणून भूलही किरकोळ असेल असा समज असतो. बहुतेक ठिकाणी हा उपचार पूर्ण भुलेखाली होतो, कारण कॅथेटरचे टोक फुग्यात असताना रुग्ण हलला तर फुग्याची भिंत भोसकली जाऊ शकते. वृद्धांत माझे लक्ष मुख्यतः दोन गोष्टींकडे असते : रक्तदाब वर उसळू न देणे आणि खालीही न पडू देणे. वीस वर्षे उच्च रक्तदाबाची सवय झालेल्या मेंदूला पुस्तकातील ‘सामान्य’ रक्तदाब कमी पडू शकतो.

भुलेनंतरचा गोंधळ दोन-चार दिवसांत बहुधा निवळतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी शुद्धीवर येताच परत द्यावी, ओळखीचे माणूस जवळ असावे, झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. या लहान गोष्टींचा परिणाम मोठा असतो. आईंची स्मरणशक्ती उत्तम आहे ही जमेची बाजू आहे. तरीही उपचारापूर्वी स्मृतीची एक साधी चाचणी लेखी करून घ्यावी, म्हणजे नंतर तुलनेला आधार राहतो.

कृष्णकमळ, सासूबाईंची ॲस्पिरिन कशासाठी सुरू होती? हृदयातील स्टेंटसाठी किंवा पूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यासाठी असेल तर ती मनाने बंद करणे अधिक धोक्याचे आहे. लहान, न फुटलेला ॲन्युरिझम आहे एवढ्यावरून ॲस्पिरिन आपोआप बंद करावी लागत नाही. कृपया आजच आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

कृष्णकमळ

पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे. आपण लिहिल्यावर लगेच डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. आपली ऋणी आहे.

पारिजात

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच काही घडले.

ज्यांनी कॉइलिंग सुचवले होते त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो आणि धन्वी यांनी लिहिलेले प्रश्न विचारले. आधीच्या सीटी अँजिओग्राफीत छातीचा वरचा भाग आला होता, पण तो बारकाईने पाहिला गेला नव्हता. त्यांनी आमच्यासमोर ती चित्रे उघडली. महाधमनीची कमान खूप खाली झुकलेली आहे, डाव्या कॅरोटिडला मानेत जवळजवळ पूर्ण वेटोळे पडले आहे आणि तिच्या मुळाशी चुन्याचा जाड थर आहे. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फुगा कॉइलिंगसाठी उत्तम आहे, पण तिथपर्यंत जाणारा रस्ता मला आवडत नाही.’ स्वतःचे मत इतक्या मोकळेपणाने बदलणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

क्लिपिंगचाही विषय निघाला. आईने ते ऐकून घेतले आणि मग तिला काय वाटते ते विचारण्यात आले. खरे सांगायचे तर इतक्या दिवसांत आम्ही भावंडांनी तिला हे नीट विचारलेच नव्हते. ती म्हणाली की मरणाची तिला तितकीशी धास्ती नाही, अंथरुणाला खिळून दुसऱ्याच्या हातून जेवण्याची आहे. आणि ती वेळ उपचारामुळे उद्याच येण्याची शक्यता असेल, तर फुग्यामुळे कधीतरी येण्याची शक्यता तिला पत्करण्यासारखी वाटते. भावाला हे लगेच मान्य झाले नाही. घरी आल्यावर आई त्याच्याशी तासभर बोलली. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

सध्या ठरले आहे ते असे. सहा महिन्यांनी कॉन्ट्रास्ट न देता होणारी एमआर अँजिओग्राफी करायची, म्हणजे मूत्रपिंडावर भार पडणार नाही. फुगा वाढलेला किंवा आकार वेडावाकडा झालेला दिसला तर उपचाराचा पुन्हा विचार करायचा, आणि त्या वेळी मनगटातून किंवा अन्य मार्गाने जाता येईल का ते पाहायचे. रक्तदाबाच्या गोळ्यांत थोडा बदल केला आहे.

एक शेवटचा प्रश्न. कोणती लक्षणे दिसली तर रात्रीअपरात्रीही धावत जावे?

धन्वी

पारिजात, या जागेवरच्या ॲन्युरिझमची एक खास खूण आहे आणि ती घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. डोळ्याची हालचाल करणारी तिसरी मज्जातंतू या फुग्याच्या अगदी शेजारून जाते. आईंच्या डाव्या डोळ्याची पापणी नव्याने खाली झुकली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला वाटला किंवा डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी दिसली, तर फुगा वाढून त्या मज्जातंतूला दाबतो आहे असे समजून त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जावे. डोके दुखत नसले तरी जावे. ते लक्षण दिसल्यावर थांबण्याचा निर्णय रद्द होतो. सहा महिन्यांच्या तपासणीची वाट पाहू नये. आज त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा जवळून, चांगल्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. बाहुल्या पूर्वीपासून लहानमोठ्या होत्या की आता झाल्या, हा वाद आयत्या वेळी होतो आणि फोटो तो मिटवतो.

दुसरी खूण वाटसरूंनी वर्णन केलेलीच : क्षणात, फार तर मिनिटभरात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणे, शुद्ध हरपणे. ती तासाभरात कमी झाली तरी जावे, कारण मोठ्या रक्तस्रावापूर्वी कधीकधी लहानशी गळती होते. घरी वेदनाशामक म्हणून ॲस्पिरिन देऊ नये. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटीमध्ये रक्त सहसा चुकत नाही. उशीर होईल तसे ते पुसट होते आणि मग पाठीच्या कण्यातील पाणी तपासावे लागू शकते. रुग्णालयही शक्यतो असे निवडावे की जेथे कॉइलिंग आणि क्लिपिंग दोन्ही करणारे लोक आहेत, आणि ते आजच ठरवून ठेवावे.

जुन्या सीटी अँजिओग्राफीची सीडी आईंच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवा आणि तिच्यावर ‘डावी कॅरोटिड, वेटोळे’ असे ठळक लिहा. मध्यरात्री ज्या डॉक्टरांच्या हाती आई जातील त्यांना फुगा दोन मिनिटांत सापडेल. कोणत्या रस्त्याने जाऊ नये ते आधी कळले तर त्यांचा अर्धा तास वाचेल.